चारही चाकांवर सारखी बसलेली गाडी: जुन्या रेंज रोव्हरच्या बलूनांचं प्रकरण

सकाळी बाहेर आलो की गाडी बसलेली असायची. एका अंगाला कललेली नसायची, की एखादा कोपरा तेवढा खचलेला नसायचा. चारही चाकांवर अगदी सारखी, पाण्यात बसलेल्या म्हशीसारखी शांत. रात्री मी तिला सामान्य उंचीवर उभी केलेली असे आणि सकाळी चाकाच्या कमानीत जेमतेम दोन बोटं जात. इंजिन चालू केलं की बॉनेटखालून हवेच्या स्प्रिंगांत हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरची घरघर सुरू व्हायची आणि पाच-सहा मिनिटांत गाडी हळूहळू उठायची, आधी मागून आणि मग पुढून.

ती सारखी बसत होती, यानेच सगळ्यांची दिशाभूल झाली. पैसा, वेळ आणि एक नवा कॉम्प्रेसर वाया गेला तो या एका दृश्यामुळे. म्हणून हे प्रकरण मोजमापांसकट लिहून ठेवतो आहे.

गाडी 1999 सालची रेंज रोव्हर, दुसऱ्या पिढीतली. जाणकार तिला पी-38ए म्हणतात. इंग्लंडमधल्या सॉलिहलच्या कारखान्यात ज्या इमारतीत ती घडवली गेली, त्या इमारतीच्या क्रमांकावरून पडलेलं हे नाव. इंजिन बीएमडब्ल्यूचं अडीच लिटरचं डिझेल. मी कॉव्हेंट्रीजवळ राहतो, म्हणजे ही गाडी जिथे जन्मली तिथून फार तर अर्ध्या तासाच्या अंतरावर. ही पिढी 1994 मध्ये बाजारात आली आणि चारही चाकांना हवेचे स्प्रिंग घेऊनच आली. त्याआधी 1992 मध्ये पहिल्या पिढीच्या लांब गाडीला इलेक्ट्रॉनिक एअर सस्पेन्शन दिलं होतं, पण पी-38ए मध्ये ते गाडीच्या रचनेचाच भाग झालं. सामान्य उंची, त्याखाली 25 मिलिमीटर महामार्गाची उंची, वर 40 मिलिमीटर खडकाळ वाटेची उंची आणि माणसांच्या चढण्या-उतरण्यासाठी 65 मिलिमीटर खाली बसणं, हे सगळं एका बटणावर. ते नीट चालतं तेव्हा या गाडीत बसण्यासारखं सुख नाही. वेल्समधल्या दगडी वाटेवर ती 40 मिलिमीटर उचलून नेली, की हे सगळं जपण्यासाठी मी का धडपडतो ते कळतं.

आमच्या घरात या हवेच्या स्प्रिंगला 'बलून' म्हणतात, कारण माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, एसटीच्या कार्यशाळेत मेकॅनिक होते आणि नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी शिवनेरीच्या व्हॉल्व्हो बसवर काढली. तिथला शब्द बलून. मीही इथे तोच वापरतो. रबराची जाड, आतून दोऱ्यांनी मजबूत केलेली एक नळी. वरचं टोक चॅसीला आणि खालचं टोक अ‍ॅक्सलवर बसलेल्या एका प्लास्टिकच्या दट्ट्याला. गाडी खाली-वर होते तसं रबर त्या दट्ट्यावर गुंडाळलं जातं आणि उलगडतं, स्वेटरची बाही वर सारावी तसं. तो जो दुमडलेला भाग असतो, बाहीची घडी म्हणा, तिथेच रबर थकतं.

गाडी बसायला लागली ती फेब्रुवारीत. मी तेव्हा कामात बुडालेलो होतो, म्हणून ती जवळच्या एका गॅरेजमध्ये दिली. त्यांनी पाहिलं की चारही कोपरे सारखे खाली गेले आहेत. त्यावरून त्यांनी जो तर्क केला तो वरवर पाहता चुकीचा नव्हता: एक बलून फुटला असता तर एकच कोपरा बसला असता, चारही बसतात म्हणजे दोष चौघांना समान असलेल्या जागी, कॉम्प्रेसर किंवा चारही बलूनांना हवा वाटून देणाऱ्या व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये. कॉम्प्रेसर तपासला तर तो खरंच दमलेला होता, टाकी भरायला फार वेळ घेत होता. त्यांनी नवा बसवला. मी जुना मागून घेतला आणि डिकीत टाकला. तीन आठवडे गाडी बरी वाटली, कारण नवा कॉम्प्रेसर सकाळी तिला चटकन उचलायचा. जुलैमध्ये डॅशबोर्डवर सस्पेन्शनचा बिघाड आणि ताशी 35 मैलांच्या वर न जाण्याची सूचना आली. हवा गेली की अ‍ॅक्सल ज्यांना टेकतो त्या रबरी ठोकळ्यांवर गाडी बसली आणि उठायला तयार होईना. बैलगाडीत बसल्यासारखा तो पाच मैलांचा घरापर्यंतचा प्रवास मला अजून कमरेत आठवतो.

आबा तेव्हा आमच्याकडे आले होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून चारही कमानी पाहिल्या आणि म्हणाले, "एकदम सरळ बसलीय. आमच्या बसला असं झालं की आम्ही लेव्हलिंग व्हॉल्व्ह बघायचो." बसच्या बाबतीत ते बरोबर होतं. तसल्या साध्या यंत्रणेत उंची सांभाळणारे व्हॉल्व्ह दांडीने अ‍ॅक्सलला जोडलेले असतात. बस खाली गेली की व्हॉल्व्ह हवा भरतो, वर गेली की हवा सोडतो. तिथे विचार करणारं काही नसतं. माझ्या गाडीत मात्र सीटखाली एक संगणक बसला आहे, आणि खरी गोम त्याच्या एका सवयीत होती.

ही सवय अशी. गाडी बंद करून तुम्ही घरात गेलात, तरी दर सहा तासांनी एक टायमर त्या संगणकाला जागं करतो. तो चारही कोपऱ्यांच्या उंची मोजतो. उतारावर किंवा खाचेत उभी केलेली गाडी वेडीवाकडी राहू नये, म्हणून तो तिला समतल करतो. पण इंजिन बंद असल्यामुळे कॉम्प्रेसर चालवून वर उचलणं त्याला शक्य नसतं. त्याच्या हातात एकच उपाय उरतो: जो कोपरा सगळ्यांत खाली असेल, त्याच्या पातळीवर बाकीच्या तिघांतली हवा सोडून त्यांना खाली आणायचं. मग तो पुन्हा झोपतो. सहा तासांनी पुन्हा तेच.

म्हणजे एक बलून गळत असला तरी सकाळी चारही बसलेले दिसणार. तीन निरोगी बलून गळत नव्हते. त्यांना रात्रीतून दोनदा रिकामं केलं जात होतं. गॅरेजने जे पाहिलं ते खरं होतं, पण त्यात संगणकाचा हात होता आणि तो त्यांनी हिशेबात धरला नव्हता.

मी आबांना हे समजावून सांगितलं तेव्हा ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग आधी त्याला झोपव. जागा असला तर तो खोटंच दाखवणार."

तेच केलं. पुढच्या सीटखालचा संगणकाचा जोड काढून ठेवला. आता कोणीही मधे येणार नव्हतं. प्रत्येक बलून आपापल्या हवेला जबाबदार. त्याआधी बिघाडाची नोंद पुसून (कशी, ते पुढे येईल) गाडी सपाट जागी सामान्य उंचीवर आणली होती. चाकाच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंत टेपने मोजलं, प्रत्येक कमानीवर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्यावर पेन्सिलने आकडा लिहिला. संध्याकाळी सातला. सकाळी सातला पुन्हा.

मागचा उजवा कोपरा 61 मिलिमीटर खाली. मागचा डावा 5, पुढचा उजवा 4. आणि पुढचा डावा 7 मिलिमीटर वर.

हा वर गेलेला कोपरा पाहून आबा चक्रावले. हवा भरली नाही तर वर कसा गेला? कारण साधं आहे, पण ध्यानात ठेवण्यासारखं. चॅसी ताठ असते. मागचा उजवा पाय खचला की गाडीचा भार दुसऱ्या कर्णावर जातो, म्हणजे मागच्या डाव्यावर आणि पुढच्या उजव्यावर. खचलेल्याच कर्णावरचा पुढचा डावा कोपरा हलका होतो, आणि त्यातली तेवढीच हवा जरा फुगून त्याला उचलते. चार पायांच्या खाटेचा एक पाय आखूड असला की काय होतं ते ज्याने पाहिलंय त्याला हे लगेच कळेल.

बाकी दोघांचे 4-5 मिलिमीटर मी गळतीत धरले नाहीत. एक तर भार त्यांच्यावर वाढला होता आणि दुसरं म्हणजे रात्री गारठा होता. बलूनमधला दाब त्याच्यावर किती वजन आहे त्यावर ठरतो. वजन तेच तर दाबही जवळपास तोच. मग हवा थंड झाली की दाब न घटता आकारमान घटतं. 20 अंशांवरून 5 अंशांवर आलं तर साधारण पाच टक्के. म्हणजे पूर्ण निरोगी गाडीही थंड रात्री काही मिलिमीटर खाली बसते. हे माहीत नसेल तर माणूस नसलेली गळती शोधत बसतो. आणि याच कारणामुळे गळक्या बलूनला प्रेशर गेज लावून काही कळत नाही; गाडी ठोकळ्यावर टेकेपर्यंत दाब तसाच राहतो, उंची मात्र उतरत जाते. इथे गेजपेक्षा टेप जास्त खरं सांगते.

दुसऱ्या रात्री मी तीच चाचणी गाडी 40 मिलिमीटर वरच्या उंचीवर ठेवून केली. हा प्रयोग करणं आवश्यक आहे, आणि फार थोडे लोक करतात. मागचा उजवा या वेळी 70 मिलिमीटर उतरला. पण पुढचा डावा, जो आदल्या रात्री निर्दोष वाटला होता, तोही 22 मिलिमीटर खाली आला. उंची बदलली की रबराची घडी दट्ट्यावर वेगळ्या जागी येते. ज्या पट्ट्यात चीर आहे तो पट्टा घडीत दाबला गेला असेल तर चीर मिटते. उलगडून ताणला गेला की उघडते. पुढचा डावा सामान्य उंचीवर हवा धरत होता आणि वर उचलला की सोडत होता. मी एकच रात्र मोजून थांबलो असतो, तर मागचा एक बदलून खुशाल वेल्सला गेलो असतो आणि डोंगरावर पुन्हा अडकलो असतो.

आता मागचा उजवा कोपरा उतरतो हे कळलं, पण हवा नेमकी बलूनमधून जाते, नळीतून जाते की बॉनेटखालच्या व्हॉल्व्ह ब्लॉकमधून, हे अजून कळायचं होतं. व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये विजेवर उघडणारे सोलेनॉइड व्हॉल्व्ह असतात आणि डझनावारी ओ-रिंगा, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कड्या. वीस-पंचवीस वर्षांत त्याही कडक होतात. त्यासाठी एक स्वस्त साधन घेतलं: टायरला असतो तसला व्हॉल्व्ह, 6 मिलिमीटरच्या नायलॉन नळीच्या जोडासकट. ब्लॉकमधून मागच्या उजव्याची नळी काढली, तिला हा टायरचा व्हॉल्व्ह जोडला आणि टायर फुगवायच्या छोट्या कॉम्प्रेसरने थेट बलून भरला. आता ब्लॉकचा संबंधच तुटला. तरीही कोपरा रात्रीत उतरलाच. म्हणजे ही गळती ब्लॉकची नव्हती. दोष नळीपासून बलूनपर्यंत कुठेतरी.

मग साबणाचं पाणी. आबांनी भांडी घासायचा साबण कोमट पाण्यात कालवला, पंक्चरवाले करतात त्यापेक्षा जरा घट्ट, आणि ब्रशने लावला. बाहेरून दिसणाऱ्या भागावर काहीच नाही. वरच्या जोडावर काही नाही. आबा आडवे झाले, हातात आरसा आणि टॉर्च घेऊन चॅसीच्या बाजूचा, चाकाकडून न दिसणारा भाग पाहू लागले. खालच्या घडीपाशी बारीक फेस येत होता, मोहरीएवढे बुडबुडे, एका रेषेत. रबर तिथे उन्हात वाळलेल्या चिखलासारखं तडकलेलं होतं. पुढच्या डाव्याचंही तसंच, फक्त कमी. हा त्या बलूनांचा काही कमीपणा नाही. पाव शतक इंग्लंडच्या पावसात, चिखलात आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठात त्यांनी काम केलं होतं.

दोन गळत होते, दोन नव्हते. तरी मी चारही बदलायचं ठरवलं. चौघांचं वय एकच, हाल एकच. उरलेल्या दोघांच्या घडीवरही बारीक तडे दिसत होतेच. एक-एक करून बदलत गेलो तर दर सहा महिन्यांनी गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी आधारांवर, चढवायची आणि मधल्या काळात कॉम्प्रेसर जाळायचा. चार बलूनांची किंमत, मागच्या कॉम्प्रेसरच्या मजुरीसकट झालेल्या बिलापेक्षा कमी होती, हे सांगितलं पाहिजे. नवे घेताना मी दुकानदाराला रबर कधी बनलं ते विचारलं. रबर दुकानाच्या फळीवरही म्हातारं होतं. पाच-सहा वर्षं पडून असलेला 'नवा' बलून मला नको होता.

बरेच जण या टप्प्यावर हवा सोडून देतात आणि लोखंडी कॉइल स्प्रिंग बसवतात. त्यांच्याशी माझं भांडण नाही. दूर खेड्यात राहणाऱ्या, हत्यारं नसलेल्या माणसाने ते करावं. पण तसं केलं की गाडीची एकच उंची उरते आणि मागे सामान भरलं की ती बसते. मला ती या गाडीची हानी वाटते.

आता प्रत्यक्ष काम. यातला धोका आधी सांगतो, कारण यात माणसं चिरडली जाऊ शकतात. दोन टनांवरची गाडी हवेवर उभी असते. संगणक जागा झाला, नळी निसटली, तर ती क्षणात ठोकळ्यांवर येते. नुसत्या हवेच्या भरवशावर तिच्याखाली डोकंही घालायचं नाही. संगणकाचा जोड काढलेला, चाकं सरकू नयेत म्हणून त्यांना ओट लावलेली, चॅसीखाली पक्क्या घोड्या, आणि जॅक फक्त अ‍ॅक्सल हलवायला. आबांनी प्रत्येक घोडी ठेवल्यावर गाडीला खांद्याने धक्का देऊन पाहिलं. चाळीस वर्षांची सवय.

आम्ही मागून सुरुवात केली. चाक काढलं. अ‍ॅक्सलखाली जॅक ठेवला, कारण त्याला लोंबकळू द्यायचं नाही. लोंबकळला तर ब्रेकच्या नळ्या ताणतात आणि उंची मोजणाऱ्या सेन्सरची दांडी तिच्या मर्यादेपलीकडे जाऊन मोडते. ती दांडी आम्ही आधीच सोडवून बाजूला बांधली. मग ब्लॉकपाशी नळी सोडवून बलूनमधली हवा सावकाश जाऊ दिली, डोळ्यांवर चष्मा लावून. त्या नळीत टायरपेक्षा बराच जास्त दाब असतो. एकदम ओढली तर चाबकासारखी फिरते.

वर दोन स्प्रिंग-क्लिपा, खाली बैठकीत अडकवणारी पिन. वरच्या क्लिपा पक्कडीने सुटल्या. खालच्या पिनेने दीड तास घेतला. मिठाने ती बैठकीशी एकजीव झाली होती. गंज सोडवायचं तेल आदल्या रात्री मारलं होतं, पुन्हा मारलं, हलक्या हातोड्याने ठोकत राहिलो. मला वाटत होतं जोरात हाणावं. आबांनी हातोडा घेतला आणि म्हणाले, "जोर नको, सातत्य हवं. ती आतून थरथरली पाहिजे." ती निघाली तेव्हा निम्मी झाली होती. नव्या पिना बलूनांबरोबरच मागवल्या होत्या म्हणून बरं झालं. जुन्या पिना परत बसतील असं धरून कोणी हे काम सुरू करू नये.

नळीचं टोक हा या कामातला सर्वांत उपेक्षित भाग आहे. बलूनच्या डोक्यावर नळी नुसती दाबून बसते. आत एक दातेरी कडी तिला पकडते आणि दोन ओ-रिंगा हवा अडवतात. कडी दाबून धरायची आणि नळी ओढायची. पण ती निघताना दात्यांचे ओरखडे तिच्यावर उमटतात. हे ओरखडे ओ-रिंगेखाली आले की हवेला लांबट वाट मिळते आणि नव्या बलूनलाही जुनंच दुखणं पुन्हा सुरू होतं. आमच्या पहिल्याच बलूनला तसं झालं. टोक मी नुसतं पुसून घातलं होतं; साबणाचं पाणी लावलं तर जोडापाशी मंद फेस. पुन्हा काढलं, धारदार पात्याने 6-7 मिलिमीटर कापलं, अगदी काटकोनात, कडा हलकेच गोल केली आणि दाबून बसवलं. फेस थांबला. पुढच्या तिन्हींना मी पहिल्यापासून तसंच केलं.

दुसरी गोष्ट पिळाची. बलून वर अडकवला, अ‍ॅक्सल जॅकने वर आणून खालच्या बैठकीत बसवला, पिन घातली. मला तो नीट बसलेला वाटला. आबांनी बोट ठेवलं. रबरावर साच्यातून उमटलेली अक्षरांची ओळ होती आणि ती सरळ उभी नव्हती, जरा तिरकी उतरत होती. म्हणजे बलून पिळला गेला होता, पंधरा-वीस अंशांनी. हवा धरली असती, पहिली दोन वर्षं काही कळलंही नसतं. पण प्रत्येक खड्ड्याला तो पिळलेल्या अंगाने घडी घालत राहिला असता. पिन काढून, फिरवून पुन्हा बसवला. त्यांनी हे शिवनेरीवर शेकडो वेळा केलं असणार; माझ्या डोळ्याला ती ओळ दिसलीच नव्हती.

नवा बलून सपाट, चुरगळलेला येतो. त्यावर गाडीचं वजन लगेच टाकलं तर रबर दट्ट्यावर गुंडाळण्याऐवजी भलत्या जागी चिमटीत सापडतं आणि पहिल्याच दिवशी त्याला कायमची सुरकुती पडते. म्हणून टायरचा व्हॉल्व्ह लावून, वजन घोड्यांवरच ठेवून, आधी थोडी हवा भरली. बलून ताठ झाला, घडी गोल पडली, बोटाने चारही बाजूंनी चाचपून पाहिली. मग जॅकने अ‍ॅक्सल सावकाश वर आणला, जरा खाली, पुन्हा वर, घडी सगळीकडे सारखी गुंडाळते आहे ना हे पाहत. मगच पूर्ण दाब आणि मग वजन. पुढच्या दोघांना जागा अरुंद आहे, हात कोपरापर्यंत काळे होतात, पण पद्धत तीच. दोन दिवस लागले. मागच्याला जितका वेळ गेला त्याच्या निम्म्यात पुढचे झाले.

संगणकाचा जोड परत लावला तरी गाडी उठली नाही. हे अपेक्षितच होतं; बिघाड पुन्हा नोंदला गेला होता. मोठा बिघाड एकदा नोंदला की ही यंत्रणा तो विसरत नाही. बॅटरी काढून ठेवली तरी नाही. तो पुसायला लॅपटॉप, एक केबल आणि या गाड्यांवर जीव असलेल्या एका छंदिष्टाने लिहून मोफत दिलेलं सॉफ्टवेअर लागतं. नोंद पुन्हा पुसली. इंजिन चालू केलं. सेन्सरच्या दांड्या होत्या तशाच परत जोडल्यामुळे उंची नव्याने शिकवावी लागली नाही. कॉम्प्रेसरने टाकीत साधारण 10 बार हवा भरली आणि गाडी उठली, आधी मागून आणि मग पुढून. पण या वेळी उठून झाल्यावर घरघर थांबली. त्या शांततेत आबा मान हलवत उभे होते.

पुन्हा संगणक झोपवला, पुन्हा मास्किंग टेप, पुन्हा बारा तास. चारही कोपरे 4 ते 6 मिलिमीटर खाली. संध्याकाळी 14 अंश होते आणि पहाटे 6. वरच्या उंचीवरही तसंच. त्यानंतर आम्ही नऊ दिवस बाहेरगावी गेलो, गाडी दारात उभी होती, या वेळी संगणक जागा ठेवून. परत आलो तेव्हा चारही कमानी 12 मिलिमीटर खाली, आणि इंजिन चालू केल्यावर टाकीतल्या साठ्यावरच ती उठली.

कॉम्प्रेसरबद्दल जरा विस्ताराने लिहायला हवं, कारण या प्रकरणात दोष त्याच्या माथी मारला गेला होता. तो खरंच दमलेला होता. पण का दमला? बारीक गळती असली की टाकी रोज नव्याने भरावी लागते, गाडी रोज तळापासून उचलावी लागते. कॉम्प्रेसर थोडा वेळ चालून थांबण्यासाठी बनवलेला आहे. फार तापला की स्वतःहून बंद होतो. त्याच्या दट्ट्यावरची टेफ्लॉनची कडी अशा कामाने झिजत जाते. आणि आणखी एक नुकसान होतं जे दिसत नाही. कॉम्प्रेसरने ओढलेली हवा दमट असते, ती एका ड्रायरमधून जाते आणि त्यातले कण ओल शोषून घेतात. ही ओल परत कधी निघते? गाडी खाली बसताना बलूनमधली कोरडी हवा त्याच ड्रायरमधून उलटी बाहेर पडते तेव्हा. ती जाताना ओल घेऊन जाते. पण हवा बलूनच्या चिरेतून निघून गेली तर ती ड्रायरमधून उलटी जातच नाही. ओल साठत राहते, कण भिजतात आणि मग पाणी व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये पोहोचतं. एका बोटभर चिरेने कॉम्प्रेसर, ड्रायर आणि ब्लॉक तिन्ही जातात, आणि जेव्हा जातात तेव्हा प्रत्येकाचं वेगळं बिल येतं. मी ड्रायर उघडला तेव्हा आतले कण ओले, तपकिरी झाले होते. तेही बदलले.

ऑक्टोबरमध्ये आबा परत जायच्या आदल्या रविवारी आम्ही डिकीतला तो जुना कॉम्प्रेसर काढला. आबांनी तो उघडला. टेफ्लॉनची कडी एका बाजूने कागदाइतकी पातळ झाली होती. सिलिंडर मात्र स्वच्छ, एक ओरखडा नाही. नवी कडी बसवली, स्क्रू आवळले, बॅटरीला जोडून गेज लावला. काटा 10 बारला जाऊन थांबला. मी कपड्यात गुंडाळून, तारीख लिहून तो कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवला. शेजारी मागच्या उजव्याचा जुना बलून आहे, उभा चिरलेला, आतले दोरे दिसतील असा. त्यावर आबांनी पेन्सिलने चिरेभोवती वर्तुळ काढून ठेवलंय. व्हॉल्व्ह ब्लॉकच्या ओ-रिंगांचा संच मागवला आहे. ते काम वसंतात, उजेड लांबला की.